लाख, लखोटा आणि खलिता

पत्राच्या पाकिटाला ‘लखोटा’ म्हणण्याचा प्रघात मराठीतून अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. सरकारी कामांच्या निविदा बंद लखोट्यात मागविल्या जातात, मृत्युपत्र लखोट्यात घालून निबंधकाच्या स्वाधीन केले जाते, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा लखोटा पर्यवेक्षकांसमक्ष फोडला जातो. मात्र हा शब्द उच्चारताना त्याच्या पोटात दडलेली ‘लाख’ क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. लाखेने बंद केलेले पत्र ते लखोटा, अशी या शब्दाची सरळ उपपत्ती आहे. पुढे पाकिटाला डिंक आला, लाख दुर्मिळ झाली, पण नाव तेच राहिले. मराठी राज्याच्या काळात दरबार, सावकार आणि वकील यांच्या पत्रव्यवहाराची राखण ज्या द्रव्याने केली, त्याची हकिकत इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे, बेळगाव, गोवे येथील मराठी वाचकांना विशेष जवळची वाटावी. कारण मराठी राज्य जितके दूरवर पसरले, तितकी त्या राज्याची पत्रांवरची भिस्त वाढत गेली.

लाख हे मेण नव्हे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती एका चिकट रसाचे कवच तयार करतात. हे कवच वाळले की फांदीवर तांबूस पुटे दिसू लागतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून आणि गाळून जो पातळ पापुद्रा मिळतो त्याला चपडा म्हणतात. छोटा नागपूर, बस्तर आणि छत्तीसगड ही लाखेची मोठी माहेरघरे. विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा-गोंदियाच्या रानांतही ती होते. लाख धुताना निघणारा लाल रंग म्हणजे स्त्रियांच्या पायांना लागणारा अळिता. राहिलेल्या राळेतून बांगड्या होत, लाकडी खेळण्यांना आणि पाळण्यांना झिलई मिळे. सावंतवाडीचे लाखकाम याच द्रव्यावर उभे राहिले. महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वांस ठाऊक आहे. लाख लवकर पेट घेते हे त्या कथेचे मर्म. लाख उष्णतेने लवकर मऊ होते आणि निवताच दगडासारखी कडक होते हे तिच्या दप्तरी उपयोगाचे मर्म.

हा उपयोग अगदी साधा होता. पत्राची घडी घालून त्यावर दुसऱ्या कागदाचे वेष्टन चढवीत. वेष्टनाच्या सांध्यावर, दिव्याच्या ज्योतीवर मऊ केलेल्या लाखेचा ठिपका पाडीत आणि तो निवण्यापूर्वी त्यावर मोहोर दाबीत. मोहोर किंचित ओली केलेली असे, म्हणजे ती लाखेला चिकटत नसे. निवलेली लाख कागदाच्या तंतूंत शिरून बसते. तिला उचकटू गेल्यास एकतर ती तडकते, नाहीतर कागद फाटतो. मधमाशांचे मेण उन्हाळ्यात मऊ पडते व त्यावरचा ठसा पुसट होतो. लाख माळव्याच्या किंवा खानदेशाच्या उन्हातही आपला ठसा सोडीत नाही. कुलूप लावल्याने चोरी टळते, असे लाखेबाबत म्हणता येत नाही. ज्याला पत्र फोडायचेच आहे त्याला ती अडवू शकत नाही. फोडणाऱ्याची गोष्ट ती लपू देत नाही, एवढेच तिचे काम. आणि राज्यकारभारात तेवढेही पुष्कळ असते.

युरोपातील राजेलोक मध्ययुगात आपल्या पत्रांना मधमाशांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मुद्रा लावीत. लाखेचा उपयोग तेथे सुरू झाला तो सोळाव्या शतकात, हिंदुस्थानाशी सागरी व्यापार वाढल्यावर. या व्यापाराचे पूर्वेकडील मुख्य ठाणे गोवे हे होते. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधी द्रव्यांविषयी संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात लाखेवर एक स्वतंत्र संवाद आहे. पोर्तुगीज भाषेत मुद्रेच्या लाखेला ‘लाक्रे’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळही आपली लाखच. इतर युरोपीय देशांत मात्र हा माल इबेरियन बंदरांतून पोहोचल्यामुळे त्याला ‘स्पॅनिश मेण’ असे नाव पडले. त्यात ना मेण होते, ना ते स्पेनमध्ये उपजत होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेच्या वर्णनात, रंग काढून घेतलेली लाख स्वच्छ करून तिच्या कांड्या वळण्यावर तेथील पुष्कळ स्त्रिया उदरनिर्वाह करीत असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या कांड्या इंग्रज व डच कंपन्यांच्या गलबतांतून युरोपात जात. ज्या लाखेने तिकडचे व्यापारी आपली गुपिते झाकीत होते, ती सुरतेच्या गरीब बायांच्या हातांची होती.

मराठी राज्याच्या दप्तरात लाखेची जागा नेमकी कोणती, हे समजण्यासाठी शिक्का, मोर्तब आणि लखोटा या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. शिक्का व मोर्तब हे शाईचे ठसे होत. शिक्का उमटला की पत्र कोणाच्या अधिकाराने लिहिले गेले हे ठरे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात होती. त्यांच्या वडिलांची व मातोश्रींची मुद्रा फारसीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका लहानशा ठशात केवढी राजकीय घोषणा सामावली होती ते कळते. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई आणि त्याखाली मुख्य प्रधानाचे. होळकरांच्या मुद्रेत म्हाळसाकांताला आणि शिंद्यांच्या मुद्रेत ज्योतिबाला अग्रस्थान असे. मोर्तब हा पत्राच्या शेवटी करावयाचा लहान शिक्का. मजकूर येथे संपला, याखाली कोणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा आपला नित्याचा वाक्प्रचार या दोन ठशांच्या जोडीतून आला. लांबलचक सनदेसाठी कागदाचे बंद एकापुढे एक चिकटवीत आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यांच्या पाठीवरही ठसा करीत.

एवढे झाल्यावर लाखेचे काम सुरू होई. पत्र कोणाचे हे शिक्का सांगे, ते कोठे संपले हे मोर्तब सांगे, आणि ते वाटेत कोणी वाचले काय हे लाख सांगे. राज्याभिषेकाच्या वेळच्या कानूजाबत्यात मुख्य प्रधानाने राजपत्रांवर शिक्का करावा आणि सचिवाने राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करावे, अशी कामाची वाटणी दिलेली आहे. लिहिणारा, तपासणारा आणि शिक्का करणारा हे वेगवेगळे असावेत, असा दंडक त्यातून दिसतो. प्रधानपदाची खूण म्हणून ‘शिक्के कट्यार’ देत, हेही अर्थपूर्ण आहे. शस्त्राइतकाच मान मुद्रेला होता, कारण दोहोंच्या गैरवापराने राज्य सारखेच बुडू शकत होते.

लखोटा तयार झाला की तो जासुदाच्या हाती पडे. महत्त्वाच्या कामावर जासुदांची जोडी पाठवीत. एक आजारी पडला अथवा मारला गेला तर दुसऱ्याने मजल पुरी करावी. थोरामोठ्यांची पत्रे रेशमी अथवा किनखापी थैलीत घालीत, थैलीचे तोंड दोरीने बांधीत आणि गाठीवर लाख लावीत. पुढे ‘थैली’ आणि ‘खलिता’ हे पिशवीचे शब्द आतील पत्रालाच लागू पडले. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, हैदराबाद, श्रीरंगपट्टण अशा ठिकाणांहून पुण्याकडे येणाऱ्या वकिलांच्या पत्रांवर अठराव्या शतकातील मराठी राजकारण चाले. पेशव्याला उत्तरेची खबर कळावयास कित्येक दिवस लागत आणि तेवढ्या दिवसांत पत्र अनेक परक्या चौक्यांवरून जाई. सावकारांची डाक तर पुष्कळदा दरबारच्या डाकेहून जलद असे. हुंडीचा भाव, बाजारातील तेजीमंदी आणि लढायांचे निकाल या तीनही बातम्या सराफ्यात आधी येत.

या सावकारी डाकेशी मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद लखोट्याची कथा जोडलेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी मदतीस म्हणून उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात दिल्याप्रमाणे, नर्मदेच्या परिसरात पेशव्यांच्या छावणीपाशी एक काशीद आला. तो उत्तरेतील सावकारांचे पत्र औरंगाबादेस नेत होता. त्याला पेशव्यांपुढे आणले गेले आणि पेशव्यांनी ते परक्याचे पत्र फोडून वाचले. आत रणांगणाचा उल्लेखच नव्हता. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाही, अशा आशयाचा व्यापारी मजकूर होता. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे हजारो शिपाई, हा अर्थ वाचणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात आला. पत्र बंद करणाऱ्या सावकाराचा लाखेवर पूर्ण भरवसा नव्हता. म्हणून त्याने मजकुरालाही संकेताचे दुसरे वेष्टन घातले होते. पेशव्यांनी दोन्ही वेष्टने उघडली आणि मुलाच्या व चुलतभावाच्या मृत्यूची वार्ता त्यांना दुसऱ्याच्या नावे लिहिलेल्या कागदातून कळली. त्याच वर्षीच्या २३ जून रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

दुसरी कथा त्यानंतर बारा वर्षांची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. नारायणरावास ‘धरावे’ असा मूळ लेख होता आणि तो ‘मारावे’ असा करण्यात आला, ही ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. हा फेरफार आनंदीबाईने केला असे लोक म्हणत आले; ते निर्विवाद पुराव्याने सिद्ध झालेले नाही. या खुनाचा दोष रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांवर ठेवला, ही मात्र इतिहासाला मान्य असलेली गोष्ट आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांच्या मनात इतकी का रुजली याचा विचार करण्याजोगा आहे. लाखेचा पहारा असतो तो वाटेवर. पत्र ज्या घरात लिहिले जाते, त्याच घरात अक्षर बदलले गेले तर लाख काय करणार? खोट्या मजकुरावरही ती तितक्याच निष्ठेने बसते. सचिवाने अक्षर तपासावे, असा नियम करणाऱ्यांनी हा धोका शंभर वर्षे आधी ओळखला होता. नियम कागदावर राहिला आणि तो पाळणारे हात बदलले, ही खरी हानी होती.

तिसरा टप्पा इंग्रजी अमलाचा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने तात्या जोग यांनी आणि कंपनीच्या वतीने माल्कमने हा तह ठरविला. ब्रिटिश रेसिडेंटाची माहिती व संमती असल्याखेरीज होळकर दरबाराने इतर राज्यांशी वकील अथवा पत्रव्यवहार ठेवू नये, असा त्यात करार होता. इतर संस्थानांवरही या ना त्या शब्दांत हेच बंधन आले. त्यानंतरही इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोद्याच्या दरबारांतून खलिते निघतच राहिले. कागद पूर्वीपेक्षा अधिक उंची झाला, त्यावर सोनेरी शिडकावा आला, थैली किनखापाची झाली आणि लाखेची मुद्रा तळहाताएवढी मोठी झाली. वैभव वाढले आणि गुप्तता गेली. शेजारच्या मराठी राज्याला चार ओळी स्वतंत्रपणे लिहिण्याचा अधिकार ज्या दरबाराला उरला नाही, त्याच्या खलित्यावरची लाख ही पुष्कळ अंशी शोभेची वस्तू झाली.

तरीही खलिता हे संस्थानिकाच्या हातचे अखेरचे साधन होते, आणि त्याचे मोल वडोद्याच्या प्रकरणात दिसून आले. १८७४ साली मल्हारराव गायकवाड गादीवर होते आणि दादाभाई नौरोजी त्यांचे दिवाण होते. रेसिडेंट कर्नल फेअर आणि दरबार यांचे वैर विकोपाला गेले होते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या नावे खलिता लिहून फेअरला परत बोलवावे अशी मागणी केली. दिवाणाने रचलेल्या या पत्रात राज्यकारभार सुधारण्याच्या मार्गात रेसिडेंटाचाच अडथळा कसा आहे ते मांडले होते. संस्थानिकाचा पत्रव्यवहार रेसिडेंटाच्या मार्फत व्हावा असा रिवाज असल्यामुळे रेसिडेंटाविरुद्धच्या गाऱ्हाण्यालाही निराळी वाट नव्हती. आठवड्याच्या आत, ९ नोव्हेंबर रोजी, आपल्या सरबतात विष घालण्यात आल्याची तक्रार फेअरने केली.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. त्याच महिन्यात नॉर्थब्रुक यांनी फेअरला दूर करून सर लुइस पेली यांना वडोद्यास पाठविले. म्हणजे खलित्यातील मागणी मान्य झाली. पण विषप्रयोगाच्या आरोपावरून मल्हाररावांना अटकही झाली. १८७५ च्या आरंभी सहा जणांचे चौकशी मंडळ बसले. त्यात तीन इंग्रज होते आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद होते. इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला, हिंदी सभासदांनी तो मानला नाही. मत समसमान पडल्यावर सरकारने विषाचा मुद्दा बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले, आणि त्यांना मद्रासेस पाठविण्यात आले. मे महिन्यात दत्तकविधान होऊन सयाजीराव तिसरे गादीवर आले. मल्हाररावांच्या कारभाराचे समर्थन कोणी इतिहासकार करणार नाही. परंतु राजाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वरिष्ठांपर्यंत पोहोचावे यासाठी एका मोहोरबंद पत्राखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि ते पोहोचल्यामुळेच रेसिडेंटाला जावे लागले, ही नोंद विसरता येत नाही.

दरबारी खलिते असे चालू असता सामान्यांच्या पत्रव्यवहारातून लाख हळूहळू बाहेर पडत होती. इंग्लंडात १८४० पर्यंत टपालाचा आकार कागदांच्या संख्येवर ठरे. वेगळे पाकीट म्हणजे एक जादा कागद; म्हणून लोक पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करीत. रोलंड हिल यांच्या सुधारणेने आकारणी वजनावर आली आणि पाकीट परवडू लागले. एडविन हिल व वॉरन द ला र्‍यू यांनी १८४५ साली पाकिटे घडविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. जिभेला लावून चिकटविण्याचा डिंक आल्यावर दिवा, कांडी आणि मोहोर यांची गरज राहिली नाही. हिंदुस्थानात १८५४ साली सार्वत्रिक टपाल तिकिटे आली आणि होळकर संस्थानाने १८८६ मध्ये महाराजांचे चित्र असलेले स्वतःचे तिकीट काढले. लाख राहिली ती टपालाच्या थैल्यांवर आणि विमा उतरलेल्या पत्रांवर. लाखेची रानातील पैदास मात्र थांबली नाही. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांत तिचा मोठा खप होई. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

आजही लाख दिसते ती विश्वास आणि संशय यांच्या सीमेवर. पोलिसांच्या पंचनाम्यात मुद्देमालाच्या पुडीवर पंचांसमक्ष लाख लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याने कोणालाही आपले मृत्युपत्र मोहोरबंद लखोट्यात निबंधकाकडे ठेवता येते. ठेवणाऱ्याच्या मृत्यूनंतर अर्ज आल्यावरच तो उघडला जातो. दुसऱ्या बाजूस, २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तवाहिनीच्या प्रकरणात, प्रतिपक्षाला न दाखविता बंद लखोट्यातून न्यायालयास माहिती पुरविण्याची पद्धत नैसर्गिक न्यायाला बाधक असल्याचे स्पष्ट केले. लखोटा कोणापासून झाकण्यासाठी आहे, हा प्रश्न पेशवाईत होता तसा आजही आहे.

जुन्या ग्रंथालयांच्या आणि वाड्यांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून इतिहासाची साधने छापावयास घेतली. वडोद्याच्या सेवेत हयात घालविलेल्या सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. या थोर उद्योगामुळे पत्रांतील मजकूर वाचला. मजकुरावरचे वेष्टन मात्र बहुतेक ठिकाणी रद्दी समजून टाकले गेले. ज्या घरांत मोडी रुमाल अजून शिल्लक आहेत तेथे वेष्टनाचा तुकडा आणि त्याला चिकटलेली लाखेची कपची पत्रासोबतच ठेवावी. ती नखाने खरवडू नये, उन्हात ठेवू नये, पत्र सपाट करण्यासाठी त्यावरून गरम इस्त्री फिरवू नये. ठसा पुसट असला तरी मोहोर कोणाची होती हे जाणत्याला कळू शकते. लाख मधोमध तुटलेली आहे की कडेने उचकटलेली आहे, यावरून पत्र योग्य हाती उघडले गेले की नाही याचा अंदाज करता येतो. दोनशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने दिव्यापाशी बसून त्या ठिपक्यावर सोपविलेले साक्षीचे काम अजून संपलेले नाही.